धोंडीला लागलेलं वय

चंद्रप्रकाश सर कुणाच्या घरी जात नसत. अंधेरीच्या व्यायामशाळेत तेवीस मुली त्यांच्या हाताखाली जिम्नॅस्टिक्स शिकत होत्या, पण एकीच्याही घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. म्हणून १९८४च्या फेब्रुवारीत, एका रविवारी भर दुपारी ते गुंदवलीच्या चाळीत वनमालाच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा तिला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. न सांगता दारात आलेला माणूस एकतर लग्नाचं बोलायला येतो नाहीतर मयताचं सांगायला, असा तिचा आजवरचा अनुभव. आणि धोंडीचं लग्नाचं वय तर नव्हतं. ती बारा वर्षांची होती.

धोंडी हे तिचं घरचं नाव. शाळेत आणि व्यायामशाळेत ती अनुपमा जयवंत परब. हे छानसं नाव आत्याने ठेवलेलं. पण बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून वनमालाने तिला धोंडीच म्हटलं, कारण धोंड्यावर कुणाची नजर जात नाही, यमाचीसुद्धा नाही. पहिलं मूल हातचं गेलं की दुसऱ्याला असलं ओबडधोबड नाव द्यायचं, ही कोकणातली जुनी रीत. वनमालाचं पहिलं मूल गेलं होतं. त्यामुळे ‘अनुपमा’ अशी हाक तिने बारा वर्षांत एकदाही मारली नव्हती. शाळेच्या फॉर्मवर नाव लिहायची वेळ आली तरी ती पेन नवऱ्याच्या हातात द्यायची.

सर खाटेवर टेकले. मुलींच्या हाताला घाम येऊन पकड सुटू नये म्हणून तिथे पांढरी पूड लावतात, ती सरांच्या नखांत कायमची बसली होती. रविवार असूनही बोटं पांढरीच.

“परबसाहेब,” ते जयवंतला म्हणाले, “पोरगी तयार आहे. बीमवर तिच्यासारखी आज देशात कुणी नाही. मे महिन्यात मुलींची टीम बल्गेरियाला जातेय. सहाजणी. त्यातली एक ती असू शकते.”

बीम म्हणजे छातीइतक्या उंचीवर ठोकलेली लाकडी तुळई. रुंदी चार इंच, आणि त्यावर उड्या. वनमालाने ती एकदाच पाहिली होती आणि पुन्हा पाहणार नाही असं ठरवलं होतं.

“पण नियम आडवा येतोय,” सर म्हणाले. “पंधरा पूर्ण पाहिजेत.”

“मग तीन वर्षांनी पाठवू,” वनमाला म्हणाली.

“तीन वर्षांनी ती अंगाने भरेल. मग तिचा काय उपयोग?”

हे वाक्य ते इतक्या सहज बोलले की वनमालाला त्याचा राग यायलासुद्धा वेळ लागला. तेवढ्या वेळात जयवंत बोलून गेला. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. घरात बसून बसून त्याच्या जिभेवरचा ताबाही सुटला होता. शिवाय व्यायामशाळेत गाद्या घालायला-काढायला एक माणूस लागणार आहे, असं सर मागे एकदा म्हणाले होते.

“आमचा पयला चेडू नव दिसांत गेला, सर,” तो म्हणाला. “तां आसता तर आज पंधराचा झाला आसता.”

त्याला बिचाऱ्याला काही सुचवायचं नव्हतं. पंधरा हा आकडा ऐकला आणि थोरल्या मुलीची आठवण आली, इतकंच. सरांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला.

“त्या बाळाची जन्माची नोंद झालेली का?”

“झाली तर,” जयवंत म्हणाला. “प्रसूतिगृहातूनच जायची ती.”

“कुठल्या नावाने?”

“नऊ दिवसांच्या पोराला कुठलं नाव, सर? बारसं बाराव्या दिवशी.”

“म्हणजे नावाचा रकाना कोरा आहे,” सर म्हणाले. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

धोंडीचा जन्म गावी, घरात झाला होता. तिची नोंद कुणी केलीच नव्हती. शाळेत घालताना जयवंतने तोंडाने सांगितली तीच तिची जन्मतारीख. म्हणजे एका मुलीचा जन्म कागदावर नव्हता, आणि एका जन्माला मुलगी नव्हती. सरांनी दोन्ही एकत्र करून दाखवलं, तेही पाच मिनिटांत. शाळेचा दाखला मी बघतो, म्हणाले.

ते गेल्यावर वनमालाने तो कप तीनदा घासला. मग नवऱ्यावर तोंड टाकलं.

“तुमका कोणी विचारलेला तिचा? मेलेल्या पोराच्या जाग्यावर जित्या पोराक बसवतास?”

“कागदच तो, गो. कागदान काय होता?”

तिने तोच कप चौथ्यांदा घासायला घेतला. पण धोंडी रात्रभर जागी होती, आणि सकाळी डोळे चमकवत तिने विचारलं, “आई, बल्गेरियात बर्फ असतो ना गं?” तिथे वनमाला हरली.

वॉर्ड ऑफिसमधल्या कारकुनाने जाडजूड रजिस्टर उघडलं. कागद पिवळे पडले होते. ४ ऑगस्ट १९६८. स्त्री. बापाचं नाव, आईचं नाव, पत्ता. आणि मध्येच एक रिकामा चौकोन.

“पंधरा वर्षांनी जाग आली?” कारकून म्हणाला. “नाव सांगा.”

जयवंतने सांगितलं. वनमाला चौथी शिकलेली. तिने अर्जावर सही केली. कारकुनाने त्या चौकोनात ‘अनुपमा’ लिहिलं, ओल्या शाईवर टिपकागद दाबला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. एवढंच झालं. पण जे नाव बारा वर्षं तिने तोंडातून काढलं नव्हतं, ते आता थेट त्या चौकोनात नेऊन ठेवलं होतं, जिथून यमाने एकदा एक पोर उचलून नेलेलं होतं.

यादी लागली. सहा नावांत अनुपमा परब होती. नलिनी सातवी झाली होती.

नलिनी आरे कॉलनीतली. बाप धोंडिराम तिथल्या गोठ्यांवर कामाला, आई शकु चार घरचं काम करायची. सतरा वर्षांची ही मुलगी पहाटेची बस धरून अंधेरीला यायची. धोंडी सात वर्षांची असताना तिला पहिल्यांदा हात धरून बीमवरून चालवलं ते हिनेच. धोंडी तिला नलूताई म्हणायची, तिच्याकडून वेणी घालून घ्यायची आणि तिच्या डब्यातली भाकरी हक्काने खायची.

चार दिवसांनी शकु मुलीला घेऊन चाळीत आली. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“बाई, मी भांडायला न्हाई आले,” ती म्हणाली. “तुमच्या पोरीचा दुधाचा दात व्यायामशाळेत पडला, तवा माझ्या नलूनं तिला रुमाल दिल्ता. ती पंधरा वर्साची कधी झाली?”

“कागद आहे,” वनमाला म्हणाली.

“कागद मी बघितला. तुम्ही सांगा. आम्ही शपथाबिपथा मानत न्हाई. पण तुम्ही मानता, म्हणून म्हणते. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा.”

धोंडी आईला बिलगून उभी होती. नलिनी मान खाली घालून जिन्याकडे बघत होती. आत खाटेवर जयवंत खोकला. कालच तो व्यायामशाळेच्या किल्ल्या घेऊन आला होता. वनमालाने हात उचलला आणि धोंडीच्या डोक्यावर ठेवला. ते डोकं किती लहान होतं!

“पंधरा,” ती म्हणाली.

शकुने मुलीचं मनगट धरलं आणि ती जिना उतरून गेली. वनमालाचा हात मात्र बराच वेळ तिथेच होता, काढायची तिची हिंमत होईना. शेवटी धोंडीच म्हणाली, “आई, दुखतंय.”

धोंडी पडेल, विमान पडेल, परदेशात काहीतरी होईल, अशी तिची खात्री होती. काहीच झालं नाही. धोंडी तपकिरी ब्लेझर घालून परत आली, पेपरात फोटो आला, चाळीने पेढे वाटले. लोक म्हणाले, आता तरी हस. पण वनमालाला ते काहीच न होणं जास्त भिववायचं. खोट्या शपथेची वसुली झाली नाही म्हणजे ती व्हायची आहे, इतकंच तिला कळत होतं.

त्याच वर्षी चार ऑगस्टला धोंडी संध्याकाळी घरी आली ती हातात केकचा तुकडा घेऊन. व्यायामशाळेत तिचा वाढदिवस साजरा झाला होता.

“आई, आज मी सोळा!” ती म्हणाली.

वनमालाने तिला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. केक जमिनीवर पडला. धोंडी रडली नाही. गाल चोळत थोडा वेळ तिने विचार केला आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “ती कशी दिसायची गं? माझ्यासारखी?”

त्यानंतर ही गोष्ट अंगवळणी पडली, निदान धोंडीच्या तरी. कुणी वय विचारलं की ती न अडखळता थोरलीचं सांगायची. हळूहळू जेवण कमी झालं. सर मुलींना दर सोमवारी काट्यावर उभं करत, आणि अनुपमाचं वजन छत्तिसाच्या वर गेलेलं त्यांना खपत नसे. बरोबरीच्या मुली उंच झाल्या, त्यांना पाळी आली, कुणाकुणाची लग्नाची बोलणी सुरू झाली. धोंडी होती तेवढीच राहिली. कागदावर ती सतरा, अठरा, एकोणीस होत गेली आणि आरशात बाराचीच दिसत राहिली. शेजारची रुक्मिणी एकदा कौतुकाने म्हणाली, “तुझ्या पोरीला वयच लागत नाही गं!” घागर उचलून वनमाला आत गेली. लागलं होतं, थोरलीचं लागलं होतं, पण हे सांगणार कुणाला?

पाठ दुखायला लागली तेव्हा सरांनी पट्टी बांधून दिली. मग गोळ्या दिल्या. १९८७च्या डिसेंबरात एका सकाळी धोंडी बीमवरून उतरायला गेली आणि पाय खाली टेकल्यावर तिला ते टेकल्याचं कळलंच नाही. ती गादीवर कोसळली. ती गादी जयवंतने घातलेली होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई एक्स-रेचा फोटो खिडकीला धरून बराच वेळ बघत होत्या. कमरेचा एक मणका पुढे सरकला होता. आज नाही, वर्ष दोन वर्षांपासून सरकत होता.

“वय काय हिचं?”

“एकोणीस,” चंद्रप्रकाश सर म्हणाले. ते न बोलावता आले होते, आणि वनमालाच्या आधी खुर्चीत बसले होते.

“एकोणीस?” बाईंनी फोटो पुन्हा वर धरला. “हाडांची वाढ अजून संपलेली नाही. एकोणिसाव्या वर्षी हाडं अशी असतील तर हिला आतून दुसरा रोग आहे. मग आधी त्याची औषधं द्यावी लागतील, आणि त्या औषधांनी राहिलेली वाढ कायमची थांबेल. वय लहान असेल तर हे सगळं चुकीचं ठरेल. मग ऑपरेशन लगेच, आणि वेगळ्या तऱ्हेने. चुकलं तर ही उठून चालायची नाही. म्हणून नीट सांगा. खरं वय काय?”

“कागद आहे, डॉक्टर,” सर म्हणाले. “पालिकेचा.”

वनमालाने नवऱ्याकडे बघितलं. तो चपलांकडे बघत होता. चार वर्षांपूर्वी ह्याच प्रश्नाला तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उत्तर दिलं होतं. आता तीच शपथ मोडायची, म्हणजे ती खोटी होती हे आपल्या तोंडाने कबूल करायचं. पण ज्या डोक्यावर हात ठेवला ते पलीकडच्या खोलीत उशीवर पडलं होतं, आणि धोंडीला पाय हलवता येत नव्हते.

“सोळा,” ती म्हणाली. “गेल्या महिन्यात सोळा पूर्ण झाली. कागद खोटा आहे.”

“बाई घाबरल्यात,” सर म्हणाले. “त्यांना काय बोलतोय ते कळत नाही.”

“चार वर्षांत पहिल्यांदाच कळतंय,” वनमाला म्हणाली.

सर उठले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी जयवंतकडून व्यायामशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलं. त्या संध्याकाळी धोंडी आढ्याकडे बघत म्हणाली, “आई, नलूताईलापण सांग ना.”

“काय सांगू?”

“आता डॉक्टरांना सांगितलंस तेच.”

नलिनी आरेच्या दूध केंद्रावर उभी राहून बाटल्या द्यायची. परदेशी स्पर्धेचं सर्टिफिकेट असतं तर रेल्वेत लागली असती, ते नव्हतं म्हणून ही खिडकी. वनमाला रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर बाटली न घेता सगळं सांगितलं. मागचे लोक ओरडायला लागले. नलिनीने एकाही शब्दाला मध्ये तोडलं नाही.

“तुम्हाला माहीत आहे का, काकू,” ती शेवटी म्हणाली, “चौऱ्याऐंशी सालीच मी तक्रार केली होती. जिम्नॅस्टिक्स संघटनेने आत्ता सुनावणी लावलीय. चार वर्षांनी. येत्या शनिवारी. पण तोंडी सांगितलेलं चालत नाही, कागद मागतात. कागद असता तर मी कशाला थांबले असते?”

कागद होता. कुठे आहे ते वनमालालाच माहीत होतं, आणि गेली एकोणीस वर्षं ती त्या वाटेला गेली नव्हती. नवव्या दिवशी जयवंतने ते गाठोडं छातीशी धरून स्मशानात नेलं आणि मातीत ठेवलं, तेव्हा तिथे नोंद झाली होती. त्या मृत्यूचा दाखला वॉर्ड ऑफिसातून कुणी कधी आणला नव्हता. घरात असला कागद ठेवायचा कशाला?

गुरुवारी दोघी वॉर्ड ऑफिसात गेल्या. कारकून तोच होता, फक्त चष्मा आला होता. दोन रजिस्टरं त्याने शेजारी शेजारी उघडली. एका रजिस्टरात, स्त्री, वय नऊ दिवस, मृत. दुसऱ्या रजिस्टरात तेच आई-बाप, तोच पत्ता, आणि चौकोनात अनुपमा. त्याने दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं आणि मग वनमालाकडे.

“हे काय करून ठेवलंत, बाई?”

“चूक केली. आता नीट करा.”

“नीट करायचं तर दोन कामं आहेत. दोन्ही नोंदी एकाच बाळाच्या, असा शेरा जन्माच्या नोंदीसमोर मारायचा. म्हणजे तांबड्या शाईने ‘मृत’. ते मी आत्ता करू शकतो, नक्कल आज मिळेल. दुसरं, हे नाव काढायचं. त्याला साहेबांची सही लागते. पंधरा दिवस.”

वनमालाच्या हे लक्षात यायला एक क्षण लागला. मग तिने टेबलाची कड धरली.

“आधी नाव काढा,” ती म्हणाली. “मग ते लिहा.”

“सांगितलं ना, पंधरा दिवस लागतात.”

“मग दोन्ही पंधरा दिवसांनी करा. माझी पोर जिवंत आहे! मंगळवारी तिचं ऑपरेशन आहे. तिच्या नावासमोर तुम्ही आज मृत लिहिणार?”

“कागदच आहे तो, बाई,” कारकून म्हणाला.

हेच शब्द तिने आधीही ऐकले होते. नलिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“राहू दे, काकू. पंधरा दिवसांनी येऊ.”

“पंधरा दिवसांनी तुझी सुनावणी आहे का?”

नलिनीला खोटं बोलता आलं असतं. वनमाला तर तिच्याशी एवढं मोठं खोटं बोलली होती. पण ती नाही बोलली.

“नाही,” ती म्हणाली. “शनिवारी कागद नसला तर प्रकरण बंद करणार, असं पत्रात लिहिलंय.”

वनमाला रजिस्टरातल्या जन्माच्या ओळीकडे बघत राहिली. एकीकडे हिची चार वर्षं होती, आणि दुसरीकडे तिची आपली भीती, जिला नाव नाही, पुरावा नाही, जी कुणाला सांगितली तर लोक हसतील. पण ती भीती खरी होती, पोटातल्या कळेइतकी खरी. तिने डोळे मिटले नाहीत. बघितलं पाहिजे असं तिला वाटलं.

“लिहा,” ती म्हणाली.

कारकुनाने तांबडी दौत उघडली. ‘अनुपमा’ ह्या शब्दासमोर त्याने ‘मृत’ लिहिलं आणि त्यावर टिपकागद दाबला.

शनिवारी नलिनी एकटीच सुनावणीला गेली. वनमाला हॉस्पिटल सोडायला तयार नव्हती. संघटनेच्या ऑफिसात कुणी काही विचारलंच नाही, कागद ठेवून जा म्हणाले. मंगळवारी धोंडीला आत नेलं. साडेपाच तास लागले. वनमाला बाहेरच्या बाकावर बसली होती आणि मनातल्या मनात त्या पहिलीशी बोलत होती. तुझं वय घेतलं, तुझी जागा घेतली, चुकलं गं माझं. पण हिला नेऊ नकोस. तुझी जागा मोकळी करायला मी पंधरा दिवसांत येते. नक्की येते.

धोंडी बाहेर आली. पांढरीफटक होती, पण श्वास चालू होता. दुसऱ्या दिवशी तिच्या पायाचा अंगठा हलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल. उड्या मात्र संपल्या.

वनमालाची भीती संपली नाही. पंधरा दिवस ती धोंडीच्या नाकाशी बोट धरून बसलेली असायची. सोळाव्या दिवशी ती साहेबांपुढे उभी होती.

“नाव काढून रकाना कोरा ठेवता येत नाही,” साहेब म्हणाले. “एकदा भरलाय. खोडलं तर वर दुसरं लिहावं लागतं. काय लिहू?”

बाराव्या दिवशी काय नाव ठेवायचं हे तिने सातव्या महिन्यातच ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, आत्यालासुद्धा नाही. मग ते सांगायची वेळच आली नाही.

“माणिक,” ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं. बाळाच्या कानात आत्या नाव सांगते, पाळणा हलतो, बायका घुगऱ्या वाटतात, ह्यातलं काहीच तिथे नव्हतं. वर पंखा फिरत होता आणि मागे रांग उभी होती. एकोणीस वर्षांत ती त्या पोरीसाठी रडली नव्हती. तिथे साहेबांच्या टेबलासमोर रडली, आणि रांगेतल्या लोकांना वाटलं, बाईचं काम झालेलं दिसत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी नलिनी घरी आली, हातात लिफाफा होता. संघटनेचं पत्र. तिने ते उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. पालिकेच्या दाखल्यावरून खेळाडू अनुपमा परब ही मृत असल्याचे दिसते. मृत व्यक्तीविरुद्ध कारवाई करता येत नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

जयवंतच्या हातातला पेला तसाच राहिला. नलिनी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. “चार वर्षांनी उत्तर आलं, काकू. आणि उत्तर हे.”

वनमालाने ट्रंक उघडली आणि माणिकच्या नावाचा नवा दाखला काढला. मग धोंडीच्या कमरेचा चामड्याचा पट्टा आवळायला घेतला.

घाटकोपरला एका जिन्यावर संघटनेचं ऑफिस होतं. वीस पायऱ्या. धोंडी दर चार पायऱ्यांनी थांबत होती, म्हणून वनमाला आणि नलिनी पुढे गेल्या. चिटणीस मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फाइल मागवून पाहिली.

“वाईट वाटतं,” ते नलिनीला म्हणाले. “पण ती मुलगी हयात नाही. आता तिच्याबद्दल काय उकरून काढायचं?”

वनमालाने नवा दाखला त्यांच्यापुढे ठेवला.

“ही माणिक, माझी थोरली. नऊ दिवसांची गेली. हिचं वय आम्ही चोरलं आणि ह्या पोरीची जागा चोरली. शिक्षा काय ती आम्हाला द्या, त्या सरांनाही द्या. हिची जागा हिला लिहून द्या.”

“आणि अनुपमा?”

वनमाला दाराकडे वळली. सोळा वर्षांत जे नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते तिने मोठ्याने, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं उच्चारलं.

“अनुपमा!”

काही क्षण काहीच आवाज आला नाही. मग एकेक पाऊल टाकत, भिंतीला हात लावत धोंडी दारात आली. चिटणीस फाइल हातात धरून अर्धवट उभे राहिले.

“मी अनुपमा परब,” ती म्हणाली. “बल्गेरियाला गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते.” तिने खोलीत इकडेतिकडे बघितलं. “मी बसू का? मला फार वेळ उभं राहता येत नाही.”

नलिनीने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि हात धरून तिला बसवलं.